अर्जाच्या आधीची वाट : मुक्तस्रोत प्रकल्प आणि आपले विद्यार्थी



मागच्या व्याख्यानानंतर बाहेर चहा चालू होता, तेव्हा इंदापूर तालुक्यातून आलेल्या एका विद्यार्थ्यानं आमच्या हातात चार पानं ठेवली. मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. म्हणाला, "सर, हा माझा 'गूगल समर ऑफ कोड'चा अर्ज. या वर्षी नाकारला. कुठं चुकलं, एकदा बघता का?" आता आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. संगणकावर आमची धाव पत्र टाइप करण्यापर्यंत. पण अर्ज म्हणजे शेवटी एक युक्तिवादच असतो, आणि युक्तिवाद तपासायचं काम आम्ही जन्मभर केलं. म्हटलं, दे इकडं.

इंग्रजी एकदम गुळगुळीत, कुठं ठेच म्हणून लागत नव्हती. आम्ही तिसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं आणि म्हटलं, "एवढं वाक्य आम्हाला मराठीत समजावून सांग." पोरगा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, ते एआयकडून लिहून घेतलं होतं." आणि खाली बघत पुढं म्हणाला, "तसंही हे पुण्या-मुंबईच्या पोरांचंच असतं. आम्हाला कोण विचारतंय?"

त्याची ही दोन वाक्यं आमच्या डोक्यातून जाईनात. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून आज याच्यावर बोलायचं. मधल्या काळात आम्ही नियम वाचले, या कामात असलेल्या आमच्या काही जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून पिडलं. त्यातून जे कळलं ते क्रमानं सांगतो.

आधी मुक्तस्रोत म्हणजे काय ते पाहू. तुमच्या मोबाईलमधलं अँड्रॉइड ज्या पायावर उभं आहे, त्या लिनक्सची गोष्ट घ्या. ऑगस्ट १९९१. हेलसिंकी विद्यापीठातला एकवीस वर्षांचा विद्यार्थी, लिनस टोरवाल्ड्स. त्यानं एका चर्चागटावर जाहीर केलं की मी हौस म्हणून एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहितोय, तुम्हाला तिच्यात काय हवं ते सांगा. काम अर्धवट होतं, तरी त्यानं ते चारचौघांत मांडलं. लोकांनी चुका दाखवल्या, दुरुस्त्या पाठवल्या, आणि ते वाढत गेलं. ज्या सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढं वाटता येतो, ते मुक्तस्रोत. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मध्ये रूढ झालं. पण अशा मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच जाहीर केली होती.

अशा प्रकल्पांना नव्या माणसांची सतत गरज असते. २००५ मध्ये गूगलनं त्यासाठी 'समर ऑफ कोड' सुरू केला. रचना साधी आहे. पायथन, डेबियन, लिबरऑफिस, विकिमीडिया यांच्यासारख्या मुक्तस्रोत संस्था आपल्याकडची कामं जाहीर करतात. नवखा माणूस त्यातलं एक काम निवडून, किंवा स्वतः सुचवून, प्रस्ताव देतो. निवड झाली की संस्थेतला एक अनुभवी माणूस त्याचा मार्गदर्शक होतो आणि काही आठवडे दोघं मिळून ते काम तडीस नेतात. मानधन गूगल देतं आणि ते देशानुसार ठरतं. पूर्वी फक्त विद्यार्थ्यांना प्रवेश होता. २०२२ पासून ती अट गेली. वय १८ पूर्ण हवं आणि तुम्ही विद्यार्थी किंवा या क्षेत्रात नवखे हवेत. काम सुमारे ९०, १७५ किंवा ३५० तासांचं असतं. एका माणसाला जास्तीत जास्त तीन प्रस्ताव देता येतात, निवड मात्र एकाचीच होते.

साधारणपणे फेब्रुवारीत संस्थांची यादी लागते, मार्चच्या उत्तरार्धात अर्ज सुरू होतात आणि एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. निकाल एप्रिलअखेर किंवा मे महिन्यात. मग सुमारे तीन आठवडे ओळखीपाळखीचे, त्यानंतर कोडिंग. नेमक्या तारखा त्या त्या वर्षी पाहून घ्याव्यात.

आता मुख्य मुद्दा. निवड कोण करतं? पोरांना वाटतं, गूगल करतं. तसं नाही. आलेले प्रस्ताव त्या त्या संस्थेतले मार्गदर्शक वाचतात, त्यांचा क्रम लावतात आणि आम्हाला इतक्या जागा द्या असं गूगलकडं मागतात. गूगल जागांची संख्या ठरवतं, माणूस संस्था निवडते. आता त्या मार्गदर्शकाच्या जागी स्वतःला ठेवून बघा. बहुतेक वेळा तो आपला कामधंदा सांभाळून फावल्या वेळात हे करत असतो. त्याला पुढचे तीन महिने एका अनोळखी पोराबरोबर काढायचे आहेत. समोर दोन प्रस्ताव आहेत. एक सुंदर लिहिलेला, पण लिहिणाऱ्याचं नाव त्यानं पूर्वी कधी ऐकलेलं नाही. दुसऱ्याचं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्या मुलीनं डिसेंबरपासून दोन चुका शोधून दिल्यात, एक दुरुस्त केलीय, आणि 'इथं बदला' म्हटल्यावर रागावून न जाता बदललंय. तो कुणाला घेईल?

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. तुकोबारायांची पालखी दरवर्षी बारामतीवरून, काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते आणि सराटीवरून पुढं जाते. दिंडीत वीणा कुणाच्या गळ्यात असते? काल आलेल्याच्या नसते. नवा माणूस आधी दिंडीबरोबर चालतो, मुक्कामाला पाणी भरतो, पंगतीत वाढतो, टाळ धरायला शिकतो. कुणी त्याला 'तुझी जात कोणती, मार्क किती' विचारत नाही. पण तो चालतोय का, हे सगळ्यांना दिसतं. मुक्तस्रोत प्रकल्पाचंही तसंच आहे. अर्ज हा त्या वाटेवरचा बराच पुढचा मुक्काम. आपली पोरं थेट त्या मुक्कामावर गाडीनं उतरतात आणि म्हणतात, आम्हाला ओळखत कसं नाही?

मग आधी करायचं काय? एक उदाहरण घेऊ, आपल्या भाषेतलंच.

'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. मराठीत हा फरक जिवंत आहे. 'शेतकऱ्यांना', 'वारकऱ्यांना' या शब्दांतला 'ऱ्य' आपण रोज लिहितो. संगणकात तो दोन पद्धतींनी टाइप होऊ शकतो. एका पद्धतीत 'ऱ' हे वेगळं अक्षर, त्याला हलन्त आणि पुढं 'य'. दुसरीत साधा 'र', हलन्त, मग एक न दिसणारं जोडचिन्ह आणि पुढं 'य'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. त्यामुळं एखाद्या सॉफ्टवेअरनं याची वेगळी काळजी घेतली नसेल, तर काय होईल? एकानं एका पद्धतीनं 'शेतकऱ्यांना' लिहिलं, दुसऱ्यानं दुसऱ्या पद्धतीनं शोधलं, तर उत्तर येणार: असा शब्द सापडला नाही. शेतकरी कागदावर आहे आणि शोधल्यावर नाही!

समजा, निमगाव केतकीची एक मुलगी आहे. वडिलांचा पानमळा आहे. ती एक मुक्तस्रोत शब्दलेखन प्रणाली वापरते आणि तिला हा दोष आढळतो. हेलसिंकीच्या हुशारातल्या हुशार माणसाला तो आपणहून दिसणार नाही, कारण त्याला 'शेतकऱ्यांना' लिहायची वेळच येत नाही. म्हणजे इंदापूर तालुक्यात जन्मल्यामुळं जे तिला ठाऊक आहे, तेच इथं तिचं भांडवल आहे.

तिनं पहिल्यांदा काय करावं? प्रकल्पाच्या नोंदवहीत, तिला 'इश्यू ट्रॅकर' म्हणतात, आधी शोधावं की हा दोष पूर्वी कुणी सांगितलाय का. नसेल तर नोंद करावी. नोंदीत चार गोष्टी हव्यात: मी काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती. एवढंच. वाक्यं छोटी असली तरी चालतात. त्यानंतर प्रकल्पाचा कोड आपल्या संगणकावर उतरवून तो चालवून बघावा. यातच कधी कधी आठवडा जातो, त्याचं वाईट वाटून घेऊ नये. मग नवख्यांसाठी राखलेलं एखादं सोपं काम घ्यावं. सूचनांमधली चूक, एखादी चाचणी, काहीही. आपला बदल 'माझ्या या दुरुस्तीचा विचार करा' म्हणून पाठवायचा, त्याला 'पुल रिक्वेस्ट' म्हणतात. हे दोनतीनदा झालं की तुम्ही अनोळखी राहत नाही.

आता प्रस्ताव. त्यासाठी आम्ही आमच्या शास्त्रातली जुनी चौकट सुचवतो: पूर्वपक्ष आणि सिद्धान्त. आपल्याकडचा शास्त्रकार स्वतःचं मत मांडण्याआधी समोरच्याचं मत मांडतो, तेही त्याला मान्य होईल अशा शब्दांत. प्रस्तावाचं तसंच करावं.

पहिला भाग अडचणीचा. कुणाला, केव्हा, काय त्रास होतो, ते एका परिच्छेदात आणि स्वतःच्या शब्दांत सांगावं. दुसरा भाग पूर्वपक्षाचा. आज कोड काय करतो, तो तसा का लिहिला असावा, याआधी कुणी काय प्रयत्न केला आणि तो कुठं अडला. बहुतेक नाकारल्या जाणाऱ्या प्रस्तावांत हा भागच नसतो, असं आमचे जुने विद्यार्थी सांगतात. तिसरा भाग तुमच्या उपायाचा, आणि त्याच्या जोडीला ज्या उपायांचा विचार करून तुम्ही ते सोडले, त्यांचा. निमगावच्या मुलीपुढं दोन वाटा आहेत. मजकूर साठवतानाच एका रूपात आणायचा, की साठवलेला तसाच ठेवून शोधताना दोन्ही रूपं सारखी मानायची? पहिलीत लोकांचा मूळ मजकूर बदलतो, दुसरीत शोधाला वेळ लागू शकतो. ती कोणती वाट निवडते यापेक्षा ती का निवडते, हे मार्गदर्शक बघतो.

चौथा भाग वेळापत्रकाचा. १७५ तास बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला साधारण १५ तास पडतात. ३५० तासांचं काम घेतलं तर जवळपास ३०. आपल्याकडं सत्राच्या परीक्षा मे-जूनमध्ये येतात, आणि नेमकं तेव्हाच कोडिंग सुरू होतं. हे लपवू नका. 'या दोन आठवड्यांत माझी परीक्षा आहे, तेव्हा पाच तासच देईन आणि पुढं भरून काढीन' असं सरळ लिहा. पालखी गावात असताना घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेही धरा. मध्यावर आणि शेवटी मार्गदर्शक तुमचं मूल्यमापन करतो. मध्यापर्यंत काय चालू स्थितीत दाखवाल, ते लिहा. चाचण्या आणि माहितीलेखन यांना वेगळे दिवस ठेवा, एक आठवडा मोकळा सोडा. पाचवा भाग मर्यादांचा, म्हणजे या कामात मी काय करणार नाही. आणि शेवटी स्वतःविषयी थोडं. इथं टक्केवारी आणि प्रमाणपत्रांची माळ नको. तुम्ही प्रकल्पात केलेल्या नोंदी आणि दुरुस्त्या यांचे दुवे द्या. मसुदा शेवटच्या रात्री टाकू नका. आठ-दहा दिवस आधी मार्गदर्शकांना दाखवून त्यांचं मत मागा. मत मागितलेलं त्यांना आवडतं.

एआयविषयी विचाराल तर आमचं म्हणणं असं. व्याकरण तपासून घ्यायला, एखादी संकल्पना समजून घ्यायला त्याची मदत जरूर घ्या. प्रत्येक संस्थेचे याबाबत आपापले नियम असतात, ते मात्र आधी वाचा. पण जे वाक्य तुम्हाला मराठीत समजावून सांगता येत नाही, ते तुमच्या प्रस्तावात असता कामा नये. मार्गदर्शक पुढं त्याच वाक्यावर बोट ठेवणार. आम्ही ठेवलं तसंच.

आता थोडं अवघड बोलायचंय. 

दुरुस्ती पाठवली की तिच्यावर चारचौघांत टीका होते. 'हे असं का केलं?', 'ही ओळ काढा', 'चाचणी कुठं आहे?' आपली पोरं इथं खचतात. न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं दुसऱ्याचं खोडायचं ती वितंडा. आपल्या बोलण्यात 'वाद' म्हणजे भांडण झालंय, पण शास्त्रात तो सगळ्यात वरचा प्रकार आहे. चांगल्या प्रकल्पातलं परीक्षण म्हणजे वाद. त्यात तुमच्या कोडला प्रश्न विचारलेला असतो. तुमच्या आईवडिलांना, गावाला, इंग्रजीला विचारलेला नसतो. काही ठिकाणी उद्धट माणसं भेटतात, तिथं वितंडा चालते. तिथून सरळ उठून दुसऱ्या प्रकल्पात जावं. त्यात कमीपणा नाही.

पण चारचौघांत प्रश्न विचारायची ही भीती आली कुठून? तो मुलगा म्हणाला, आम्हाला कोण विचारतंय. आम्ही घरी गेल्यावर उलटं आठवत बसलो: त्यानं कुणाला काही विचारलं होतं का? नव्हतं. चार महिन्यांत त्या प्रकल्पाच्या चर्चेत त्यानं एकही प्रश्न टाकला नव्हता. 'हसतील' म्हणून. आणि मंडळी, ते हसणं त्यानं कुठं ऐकलं असेल? वर्गात. आम्ही अनेक वर्षं शिकवलं. अभ्यासक्रम संपवायच्या घाईत 'शंका शेवटी' म्हणून किती पोरांना आम्ही खाली बसवलं, त्याची मोजदाद नाही. तासाच्या शेवटी घंटा व्हायची. एखाद्याच्या प्रश्नावर वर्ग हसला, तर आम्हीही कधी हसलो असू. तत्त्वज्ञानाच्या तासाला हे घडलं, जिथं सॉक्रेटिसची सगळी थोरवी प्रश्न विचारण्यात आहे असं आम्हीच फळ्यावर लिहीत होतो. त्या पोराच्या गप्प बसण्यात आमचाही वाटा आहे. हे कबूल केल्याशिवाय त्याला 'धीट हो' म्हणायचा आम्हाला अधिकार नाही.

म्हणून त्याच्या दुसऱ्या वाक्याचं उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवं. 'हे पुण्या-मुंबईच्या पोरांचंच असतं', यात तथ्य आहे. तिथल्या मुलाला वसतिगृहात असा कुणी वरच्या वर्गातला भेटतो, ज्यानं हे केलेलं आहे. आपल्याकडं घरी वीज जाते, लॅपटॉप दोघांत एक असतो, सुट्टीत शेतातलं काम असतं. हा फरक खरा आहे. पण तो फरक निवड करणाऱ्याच्या मनात नसून वाटेवर आहे, आणि वाटेवरच्या अडचणींवर उपाय निघतात. बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांतल्या पाचसात मुलांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसायचं, एकच प्रकल्प निवडायचा, एकमेकांच्या नोंदी वाचायच्या. वरच्या वर्गातला तो 'कुणीतरी' पुढच्या वर्षी तुमच्यातूनच तयार होईल.

आणि दार एकच नाही. 'आउटरीची' नावाचा कार्यक्रम आहे, जिथं तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात ज्यांना डावललं जातं अशांना सशुल्क, म्हणजे त्यांनाच पैसे देऊन, उमेदवारी करायला मिळते. तिथं तर निवडीआधी प्रकल्पात प्रत्यक्ष योगदान देण्याचा एक वेगळा टप्पाच ठेवलेला आहे. आपल्या महाराष्ट्रातच आयआयटी मुंबईचा 'फॉसी' प्रकल्प आहे. शिक्षणासाठी लागणारी महागडी सॉफ्टवेअर मुक्तस्रोतातून मिळावीत हा त्याचा हेतू. पोलादी बांधकामाच्या आराखड्यांसाठी त्यांनी 'ओस्डॅग' तयार केलं, ते आपल्या भारतीय मानक ८०० : २००७ वर आधारलेलं आहे. म्हणजे स्थापत्यच्या विद्यार्थ्यालाही इथं जागा आहे. त्यांच्या उन्हाळी फेलोशिपसाठी आधी एक काम करून दाखवावं लागतं. आयआयटी मुंबईच्याच 'स्पोकन ट्युटोरियल'चे अनेक पाठ मराठीतून ऐकता येतात. इंग्रजी अडत असेल तर तिथून सुरुवात करा.

एक सावधगिरीची सूचना. या कार्यक्रमांत अर्ज करायला एक रुपया लागत नाही. 'निवड करून देतो', 'प्रस्ताव लिहून देतो' म्हणत कुणी पैसे मागत असेल, तर तो तुम्हाला फसवतोय. पालकांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

निवड झाली नाही तर? तर ती दुरुस्ती तुमच्या नावानं तिथं राहतेच. निमगावच्या त्या मुलीची निवड नाही झाली, तरी पुढं कुणी 'शेतकऱ्यांना' शोधेल तेव्हा तो शब्द सापडेल. मानधन गेलं, काम गेलं नाही.

दिवाळी तोंडावर आली आहे. फेब्रुवारीला चार महिने उरलेत. आज रात्री करायचं काम एवढंच: तुम्ही रोज वापरता असं एक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर निवडा आणि त्यात मराठी कुठं अडते ते कागदावर लिहून काढा.

आणि तो विद्यार्थी. परवा त्याचा फोन आला. त्यानं एका प्रकल्पात पहिला प्रश्न टाकला होता. टाकल्यावर दिवसभर फोन बंद करून ठेवला, म्हणाला. संध्याकाळी भीत भीत पाहिलं, तर परदेशातल्या कुणीतरी उत्तर दिलं होतं. कौतुक नव्हतं, हसणंही नव्हतं. विचारलं होतं, 'तुम्ही कोणती आवृत्ती वापरताय?' 

"सर, आता काय लिहू?" आम्ही म्हटलं, "आवृत्ती लिही, बाळा."

आता तुमच्या शंका घेऊ. आज शंकांना अर्धा तास राखून ठेवलाय, आणि घंटा होणार नाही.